पहिल्या बर्फाची चिठ्ठी

हंगाम सुरू होण्यापूर्वी रोपवेची तपासणी वरच्या ठाण्यापासून सुरू करून खाली उतरत करावी, असा माझा नियम आहे. चढत चढत तपासणी केली की दमलेला माणूस शेवटच्या खांबांकडे घाईने पाहतो, आणि आमच्या कारागाई डोंगरावर वारा नेमका त्याच खांबांना झोडपतो. ओस्केमेन शहरातल्या तंत्रनिकेतनात मला हे कोणी शिकवले नव्हते. तिथे भार मोजायला शिकवले, पोलादी दोराची वीण शिकवली, वंगणाचे प्रकार शिकवले. वरून खाली येण्याची पद्धत ओराझगलीने घालून दिली, तीही स्वतःच्या सोयीसाठी. त्याला वर जाताना खुर्चीत बसून जायचे असते आणि उतरताना बोलायला सोबत हवी असते.

ओराझगली हा आमच्या स्की-तळावरच्या उतारांचा प्रमुख. बर्फ दाबून सपाट करणारे यंत्र तो चालवतो, वळणांवर जाळ्या लावतो, कोणी पाय मोडून घेतला तर त्याला घसरगाडीवर बांधून खाली आणतो. मी लिफ्टचा, म्हणजे ह्या खुर्च्यांच्या रोपवेचा, मेकॅनिक. तळ उभा राहिला तेव्हापासून आम्ही एकत्र आहोत. पुढे माझी मेरुएर्त आणि त्याचा दाउरेन यांचे लग्न झाले आणि मित्रांचे आम्ही व्याही झालो. तेव्हापासून चारचौघांत एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणावे लागते. खांबावर चढलो की पुन्हा ‘तू’.

त्या वर्षी शरद ऋतू काही केल्या सरेना. लार्चची सूचिपर्णी झाडे पिवळी होऊन गेली, त्यांच्या सुया गळून दोराच्या कप्प्यांच्या खोबणींत जाऊन बसल्या, त्या मी ब्रशने काढून टाकल्या. पहाटे गवतावर दव गोठून राही आणि नऊच्या सुमारास उन्हाने नाहीसे होई. पलीकडच्या उंच कड्यांवर दोनदा पांढरे काहीतरी दिसले, पण वाऱ्याने तेही झाडून नेले. भाड्याने द्यायच्या स्कींना मेण लावून झाले होते, उपाहारगृहातल्या शेगडीची धुराडी साफ झाली होती. तळाचे व्यवस्थापक दिवसातून कितीतरी वेळा फोनवर हवामान बघत आणि प्रत्येक वेळी फोनच बिघडल्यासारखा झटकत.

अशा एका कोरड्या सोमवारी, अर्धा डोंगर उतरून झाल्यावर, एका खांबाच्या पायथ्याशी ओराझगली आपला गुडघा चोळत बसला. त्या गुडघ्यावर वसंतात शस्त्रक्रिया झाली होती. मी वर कप्प्या फिरवून बघत होतो. मी खाली येईपर्यंत तो थांबला आणि मग म्हणाला, “शनिवारी दाउरेन मला घेऊन जातोय.”

“गुडघा दाखवायला?”

“गुडघा, खाट, भांडी, सगळंच. अस्तानाला राहायला जातोय मी. मेरुएर्त जानेवारीत कामावर रुजू होणार. साउलेला कोण सांभाळणार?”

साउले म्हणजे आमची दोघांची नात. तिला नुकतेच दात येऊ लागले होते. मी पाना पिशवीत ठेवला, मग पुन्हा बाहेर काढून पुसला. हंगाम संपल्यावर जा, असे मी त्याला सांगून पाहिले. तोवर चार महिने शेजारची बाई बघेल, पाळणाघर आहे, हेही सांगितले. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, पण ती मान होकाराची नव्हती.

“हे बघ,” तो म्हणाला, “एकदा हा डोंगर पांढरा झाला की माझा पाय इथून निघायचा नाही. माझा मला भरवसा नाही. म्हणून बर्फ पडायच्या आत जातोय.”

दुसऱ्या कुणाच्या मुलासाठी तो निघाला असता तर मी भांडलो असतो. पण ज्या घरी तो चालला होता त्या घरात माझीच मुलगी होती, आणि तान्ह्या मुलीला एकटीने सांभाळणे म्हणजे काय, हे मेरुएर्तच्या आवाजावरून मला फोनवर रोज कळत होते. राहिलेले खांब आम्ही फारसे न बोलता तपासले. दोर निर्दोष निघाला.

घरी आल्यावर मी झाउरेशला, म्हणजे माझ्या पत्नीला, सर्व सांगितले. ती नातीसाठी मोजे विणत होती. तिने ते खाली ठेवले नाहीत. तिला हे आधीच ठाऊक असावे असे मला वाटले, कारण मायलेकींचे रोजचे बोलणे असते. ती एवढेच म्हणाली की मुलाच्या बापाने जाणे रीतीचे आहे, मुलीच्या आईने जावयाच्या घरी जाऊन मुक्काम ठोकला तर लोक काय म्हणतील. मग तिने विचारले, “नूडल्सचं पीठ कोणत्या डब्यात असतं, सांगा बघू.”

मला सांगता आले नाही. गेले काही दिवस ती मला असे काहीबाही विचारत असे. साखर कुठे, मीठ कुठे, शेगडीची झडप किती उघडायची. वय वाढले की माणसाची स्मरणशक्ती तपासून घ्यावी असे तिने कुठे वाचले असेल, असा मी समज करून घेतला होता आणि उत्तरे पाठ करू लागलो होतो.

आता आमच्याकडच्या एका रिवाजाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. वर्षाचा पहिला बर्फ पडला की आम्ही चिठ्ठ्या टाकतो. ज्याच्याकडून काही हवे असेल त्याच्या नावाने मागणी लिहायची आणि त्याच्या नकळत ती त्याच्या घरात किंवा अंगावर पोचवायची. पोचवणारा न सापडता निसटला, तर चिठ्ठी मिळालेल्याला मागणी पुरी करावीच लागते. सापडला, तर त्याच्या तोंडाला शेगडीची काजळी लागते आणि मेजवानी त्यालाच द्यावी लागते. बहुतेक जण एखादे मेंढरू किंवा नवी टोपी मागतात. पण काहीही मागता येते, आणि पहिल्या बर्फाच्या चिठ्ठीला आजवर गावात कोणी नाही म्हटलेले नाही.

ओराझगली ह्या खेळात पटाईत होता. बर्फ पडू लागला की तो दाराकडे तोंड करून बसे आणि आलेल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करून हात सोडतच नसे. गेल्या दोन्ही हिवाळ्यांत काजळी माझ्या तोंडाला लागली होती.

अर्थात शनिवारच्या आत बर्फ पडला आणि मी चिठ्ठी पोचवू शकलो, तर तो हंगामभर इथेच राहील, हे मला स्पष्ट दिसत होते. बर्फ मात्र दिसत नव्हता. बुधवारी दाउरेन आणि मेरुएर्त नातीला घेऊन छोट्या ट्रकने येऊन पोचले आणि ओराझगलीच्या घरी सामान बांधू लागले. त्या संध्याकाळी मी अंगणात उभा राहून आकाशाकडे पाहत होतो. आकाश घासलेल्या पातेल्यासारखे स्वच्छ होते.

झाउरेश दारातून म्हणाली, “आकाशाकडे काय बघताय? तुमच्याकडे ती नवी तोफ आली आहे ना? तिलाच सांगा.”

ती थट्टा करत होती. मी थट्टा म्हणून ऐकली नाही.

बर्फाची तोफ त्या वर्षी नवी आली होती. मोठ्या पंख्याच्या तोंडातून पाण्याचे तुषार उडतात आणि हवा पुरेशी थंड व कोरडी असेल तर जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा बर्फ होतो. हंगामापूर्वी तिची चाचणी घ्यायचीच होती, आणि व्यवस्थापकांनी ती कधी घ्यायची हे माझ्यावर सोपवले होते. चाचणी नवशिक्यांच्या उतारावर घेणे सोयीचे होते, कारण पाण्याची वाहिनी तिथेच येते. ओराझगलीचे घर त्याच उताराच्या कडेला आहे, आणि आमच्याकडे पहाटेचा वारा डोंगरावरून खाली वाहतो. यांपैकी कोणतीही गोष्ट मी घडवून आणली नव्हती. तोफेचे तोंड कोणत्या दिशेला असावे याविषयी माहितीपुस्तिकेत काही लिहिलेले नव्हते. मी मुद्दाम पाहिले.

गुरुवारी पहाटे थर्मामीटर उणे सहावर होता. मी पंप सुरू केला, दाब स्थिर होऊ दिला आणि पंखा चालू केला. पहिल्यांदा नुसते पाणी उडाले, मग धुके झाले आणि मग त्या धुक्यातून काहीतरी किरकिरत खाली पडू लागले. मी हातमोज्यावर घेऊन पाहिले. बर्फ उत्तम प्रतीचा होता, कोरडा आणि बारीक. उजाडेपर्यंत ओराझगलीचे छप्पर, त्याच्या लाकडांची रास, कुंपण आणि दाउरेनचा ट्रक, सगळे पांढरे झाले. बाकी गाव पिवळ्या गवतात तसेच कोरडे उभे होते.

चिठ्ठी माझ्या खिशात तयार होती. ‘व्याही ओराझगली, बर्फ पडला आहे. हंगाम संपेपर्यंत कारागाई सोडायचे नाही. — तोक्तारखान.’ त्याच्याकडून आणलेला ड्रिल परत करायचे निमित्त करून मी घरात शिरलो. तो शेगडीपाशी बसून नातीला मांडीवर नाचवत होता. तोफेचा आवाज त्याला ऐकू येत होता, चाचणी आहे हे ठाऊक होते, पण तोफेच्या बर्फाबरोबर चिठ्ठी येईल हे त्याच्या मनातही आले नाही. त्याने माझा हात धरला आणि लगेच सोडला. ड्रिल कोपऱ्यात ठेवताना मी दारामागे टांगलेल्या त्याच्या कोटाच्या खिशात चिठ्ठी सरकवली.

मान वर केली तर समोर मेरुएर्त. ती खाली बसून कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने माझा हात खिशातून निघताना पाहिला होता. तिने एक शब्द उच्चारला असता तर मी तिथेच पकडला गेलो असतो, आणि तो शब्द उच्चारण्यातच तिची सोय होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पाठ फिरवली आणि पुढचा कप गुंडाळायला घेतला.

मी लिफ्टच्या इंजिनघरात जाऊन बसलो. मला आनंद व्हायला हवा होता, पण मुलीची ती पाठ डोळ्यांसमोरून जाईना.

फार वेळ बसावे लागले नाही. ओराझगली कोट घालून, हातात चिठ्ठी धरून लंगडत आला. तो रागावला आहे की हसतो आहे हे त्याचे त्यालाही ठरवता येत नव्हते.

“हे काय आहे?”

“चिठ्ठी आहे. बर्फ पडलाय.”

“कुठे पडलाय? माझ्या घरापुरता? देवाने माझा पत्ता विचारून पाठवला का?”

मी त्याला शांतपणे समजावून सांगितले की बर्फ म्हणजे गोठलेले पाणी, त्याचे स्फटिक सारखेच असतात, आणि रिवाजात कुठेही पाणी कोणत्या उंचीवरून पडावे असे म्हटलेले नाही. तो म्हणाला की मग उद्या मी फ्रिजचे दार उघडून चिठ्ठ्या टाकीन. वाद वाढला. इंजिनघराच्या दाराशी माणसे जमली आणि निम्मी माझ्या बाजूने, निम्मी त्याच्या बाजूने बोलू लागली. शेवटी असे ठरले की बातिमा आजींकडे जायचे.

बातिमा आजी गावात सर्वांत वडील. त्यांच्या तरुणपणी चिठ्ठ्या घोड्यावरून पोचवत, आणि पकडलेल्याला गाढवावर उलटे बसवून फिरवत, असे त्या सांगतात. त्यांनी दोघांचे म्हणणे पूर्ण ऐकले. मी स्फटिकांचे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली, त्यामुळे मला आशा वाटली. मग त्यांनी विचारले, “तोक्तारखान, ते यंत्र आता चालू आहे का?”

“नाही, आजी. चाचणी झाली, मी बंद केलं.”

“आणि बर्फ?”

“यंत्र बंद केलं की तो पण थांबला.”

“मग झालं तर. जो तू बंद करू शकतोस तो बर्फ नव्हे.” आणि त्या चहाकडे वळल्या. “खोटा बर्फ दाखवून चिठ्ठी टाकली म्हणजे पकडलाच गेलास. काजळी आणा.”

काजळी ओराझगलीने स्वतःच्या हाताने लावली. सावकाश, दोन्ही गालांवर, कपाळावर, मग विसरलो होतो म्हणत कानांमागेही. त्याचा अंगठा माझ्या कपाळावर जरा जास्त वेळ टेकलेला होता. सगळे हसत होते आणि मीही हसत होतो, कारण दुसरे काय करणार. चिठ्ठी मात्र त्याने फाडली नाही. घडी घालून खिशात ठेवली.

म्हणजे शुक्रवारी मेजवानी माझ्याकडे, आणि शनिवारी तो जाणार, असे आता नक्की झाले.

झाउरेशला हे सांगताना ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. एका दिवसात मेंढरू कापून, कणीक मळून इतक्या माणसांचे बेशबर्माक, म्हणजे नूडल्सवर वाढलेले मांस, करायचे म्हणजे थोडे काम नव्हे. पण ती रागावली नाही. उपाहारगृहात करू या असे मी सुचवले, तेव्हा ती म्हणाली की मेजवानी आपल्याच घरात होईल आणि ताट ती स्वतःच वाढील. शुक्रवारी सकाळपासून ती कामाला लागली. मेरुएर्तही मदतीला आली. मी स्वयंपाकघरात पाणी आणून ठेवत असताना मुलगी हाताशी सापडली, म्हणून मी तिला हळूच विचारले की तू काल गप्प का राहिलीस.

तिने कांदा चिरणे थांबवले नाही. “आमच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते, बाबा. नुसती ती. सासऱ्यांना तिथे बसवून ठेवायचं आणि रोज संध्याकाळी त्यांचा चेहरा बघायचा. मला ते जमेल की नाही याचा मी विचार करत होते.”

“मग साउलेचं काय?”

“ते नव्हतं सुचत,” ती म्हणाली, आणि आईकडे पाहून पुन्हा कांदा चिरू लागली. आईने तिकडे लक्ष दिले नाही. ती चुलीवरच्या रश्श्याचा फेस काढत होती.

दुपारनंतर माणसे आली. उन्हे फिकी झाली होती आणि डोंगरावर एक करडा पट्टा आला होता. माझ्या गुडघ्यातही थोडी कुरकुर जाणवत होती, पण आदल्या दिवसाच्या अनुभवानंतर हवामानावर मत देण्याची माझी इच्छा नव्हती. दाराच्या समोरची मानाची जागा ओराझगलीला दिली. त्याच्या शेजारी बातिमा आजी, मग दाउरेन, मग शेजारी आणि तळावरची मंडळी. पाहुण्यांनी एकेक करून त्याची आठवण सांगितली. एका पर्यटकाला त्याने कसे घसरगाडीवर उलटे बांधून आणले होते, आणि त्या पर्यटकाला वाटले होते की इथली पद्धतच तशी आहे. ओराझगली हसत होता. नात त्याच्या मांडीवर होती. दाउरेन प्रत्येक आठवणीबरोबर थोडा खाली पाहू लागला होता. चांगला मुलगा आहे. बापाला एकटे ठेवायचे नाही, एवढेच त्याच्या मनात होते.

मग झाउरेश मोठे ताट घेऊन आली. खाली रुंद नूडल्स, त्यावर मांस, आणि सर्वांवर एका रकाबीत शिजवलेले मेंढीचे डोके. डोके मानाच्या पाहुण्यासमोर ठेवायचे आणि त्याने त्याचे तुकडे करून सर्वांना वाटायचे, अशी रीत. तिने ते ओराझगलीसमोर ठेवले, खाली वाकून, दोन्ही हातांनी, जसे ठेवायला हवे तसे. मग ती मागे सरली, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. तिचा श्वास जरा जलद चालू होता. ताट जड असते, असे मला वाटले.

ओराझगलीने नातीला दाउरेनकडे दिले, बाह्या वर केल्या, सुरी घेतली आणि डोके उचलले. त्याखाली, रकाबीवर, तेलकट कागदात गुंडाळलेली एक घडी होती.

त्याने घडी उलगडली, चष्मा शोधला, तो सापडेना, म्हणून कागद दाउरेनला दिला. दाउरेन वाचू लागला.

“व्याही ओराझगली, बर्फ पडतो आहे, दारात जाऊन बघा. चिठ्ठी मी टाकली आणि तुम्ही मला पकडलं नाहीत. उद्याच्या गाडीतली तुमची जागा मला द्या. हिवाळाभर साउलेजवळ मी राहीन. तुम्ही आमच्या घरी राहा आणि माझ्या नवऱ्याला सोबत करा. त्याला चहासुद्धा धड करता येत नाही, पण तुमच्या गुडघ्याला वेळच्या वेळी तेल लावील. वंगणाच्या बाबतीत तो कधी चुकत नाही. तुमची विहीण, झाउरेश.”

शेवटच्या ओळी वाचताना दाउरेनचा आवाज बारीक झाला होता. कोणी हसले नाही. ओराझगली सुरी हातात धरून बसला होता. मग तो म्हणाला, “विहीणबाई, बर्फ कुठे आहे?”

“दार उघडा,” ती म्हणाली.

मी सर्वांत जवळ होतो, मी उघडले. अंगणात संध्याकाळ झाली होती आणि त्या करड्या उजेडात मोठेमोठे पुंजके, जराही घाई न करता, सरळ खाली येत होते. वारा नव्हता. लाकडांच्या राशीवर पांढरा थर बसू लागला होता, शेजाऱ्याच्या छपरावरही, आणि त्यापलीकडच्या छपरावरही. स्वयंपाकघराची खिडकी डोंगराकडे आहे. आम्ही आत बसून आठवणी सांगत असताना तिने तो येताना पाहिला होता, आणि घरात कोणालाही सांगितले नव्हते.

बातिमा आजी काठी टेकत दारापर्यंत आल्या. त्यांनी बाहेर हात काढून काळ्या बाहीवर बर्फ पडू दिला आणि तो जवळ धरून पाहिला. मग माझ्याकडे वळल्या.

“तोक्तारखान, थांबवून दाखव.”

आता मात्र सगळे हसले. मी म्हणालो की हे यंत्र माझ्या अखत्यारीत नाही. आजी म्हणाल्या, “मग हा बर्फ,” आणि परत जाऊन आपल्या जागी बसल्या.

ओराझगली कधी माझ्याकडे, कधी मुलाकडे पाहत होता. दाउरेनने नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतले. “चिठ्ठीला नाही म्हणता येत नाही, बाबा,” तो म्हणाला. “आणि तुम्ही तिकडे आला असतात तर मार्चमध्ये मलाच तुम्हाला परत आणून सोडावं लागलं असतं.”

“फेब्रुवारीत,” मेरुएर्त म्हणाली.

तेव्हा ओराझगलीने सुरी चालवली. डोक्याचे तुकडे करून तो वाटू लागला. कान त्याने नातीच्या नावाने मेरुएर्तला दिला, आणि सर्वांत चांगला तुकडा हातोहात चौकटीपाशी उभ्या असलेल्या झाउरेशकडे पाठवला. खातानाच मध्येच थांबून तो माझ्या कानाशी लागला. “इतकी वर्षं मी दाराकडे तोंड करून बसलो,” तो म्हणाला, “आणि चिठ्ठी आली स्वयंपाकघरातून.”

पाहुणे गेल्यावर मी झाउरेशला विचारले की हे मला आधी का सांगितले नाहीस. ती भांडी विसळत होती. ती म्हणाली की सांगितले असते तर तुम्ही ‘जा’ म्हणाला असतात, आणि मग गावात सगळे म्हणाले असते की तोक्तारखानने बायकोला जावयाच्या घरी पाठवले. आता कोणी काही म्हणणार नाही, चिठ्ठी आहे. थोड्या वेळाने ती म्हणाली, “तिला चार दात आलेत. पाचवा यायच्या आत मला पोचायचं होतं.” ते मोजे कोणासाठी होते हे मला ठाऊक होते. पण ते कोण घेऊन जाणार आहे, हे मी कधी विचारले नव्हते.

शनिवारी सकाळी मी ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधून दिल्या, ब्रेक तपासले, दोन्ही दारांची कुलपे तपासली. ओराझगलीचे सामान उतरवून आमच्या घरात आणले, खाट खिडकीजवळ लावली, जिथून उतार दिसतो. झाउरेशची एकच पेटी होती. ती केव्हाच भरून ठेवलेली होती. गाडी वळणापलीकडे गेल्यावर आम्ही दोघे तसेच उभे राहिलो, आणि मग तो न सांगता यंत्राच्या शेडकडे चालू लागला. तासाभराने मी इंजिनघरातून पाहिले तर तो उतारावर पहिला थर दाबत होता, सरळ रेषेत, कडेपर्यंत, आणि वळताना नेहमीप्रमाणे दिवा लावून मला सलाम करत होता. मी लिफ्ट एक फेरी रिकामी फिरवली. खुर्च्यांवर साचलेला बर्फ प्रत्येक खांबापाशी थोडा थोडा सांडत गेला.

रात्रीचे जेवण त्याने करायला घेतले, कारण माझ्या चहाविषयी चिठ्ठीत लिहिलेले त्याला पटले होते. पीठ मळताना तो हाताने इकडेतिकडे चाचपडू लागला.

“मीठ कुठे ठेवतात तुझ्याकडे?”

“शेगडीच्या वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या बरणीत,” मी म्हणालो. त्यासाठी मला वर पाहावेही लागले नाही.